दख्खनच्या गारगोट्या: पाती आणि बाणाग्रे घडविण्याजोग्या दगडाचा शोध

दगडापासून धारदार पाते काढता यावे, यासाठी त्या दगडाच्या अंगी दोन गुण एकाच वेळी असावे लागतात आणि ते वरवर पाहता एकमेकांविरुद्ध वाटतात. दगड इतका कठीण हवा की लाकूड, कातडे किंवा हाड कापताना त्याची धार लगेच बोथट होऊ नये. आणि तो इतका ठिसूळही हवा की बेताच्या आघाताने त्याचा पातळ छिलका सुटून यावा. याच्या जोडीला तिसरी अट अशी की दगडाचे अंतरंग सर्व दिशांनी सारखे असावे, म्हणजे त्यात थर, जाडे कण किंवा अंगच्या भेगा नसाव्यात. कारण तसे काही असले तर आघाताचा जोर घडविणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे न जाता त्या कमकुवत जागेकडे वळतो आणि छिलका अर्ध्यावरच तुटतो. या तिन्ही अटी पुऱ्या करणारा दगड फुटतो तेव्हा फुटलेला पृष्ठभाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, किंचित खोलगट आणि आघाताच्या बिंदूभोवती उमटलेल्या कमानदार लहरींचा दिसतो. भूविज्ञानात या प्रकाराला शंखाभ भंजन म्हणतात, आणि हत्यारांसाठी दगड शोधणे म्हणजे मुळात शंखाभ भंजन असलेला दगड शोधणे होय.

असे भंजन दाखविणारे बहुतेक दगड सिलिकेच्या कुळातले असतात. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. तीच वाळूत असते आणि तीच स्वच्छ पारदर्शक स्फटिकातही असते. सिलिकेचे स्फटिक डोळ्यांना दिसण्याइतके मोठे वाढले की त्या खनिजाला क्वार्ट्झ म्हणतात. हेच स्फटिक सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसू नयेत इतके बारीक आणि तंतुमय राहिले तर जो दगड बनतो त्याला कॅल्सेडनी म्हणतात, आणि अशा दगडाची रचना गूढस्फटिकी आहे असे सांगितले जाते. कॅल्सेडनीत रंगांचे पट्टे असले की तो अकीक, लोहाच्या ऑक्साइडामुळे ती लाल, पिवळी किंवा तपकिरी आणि अपारदर्शक झाली की तो जॅस्पर, आणि तंतूंऐवजी अतिसूक्ष्म कणांची, बहुधा मंद रंगाची व मेणचट दिसणारी सिलिका असली की तो चर्ट. महाराष्ट्रातील गावकरी या साऱ्यांना सरसकट गारगोटी म्हणतात, आणि शोधाच्या पहिल्या पायरीवर तेवढे वर्गीकरण पुरेसेही आहे. कारण हत्यार घडविणाऱ्याला दगडाच्या नावापेक्षा त्याचा कण किती बारीक आहे आणि तो अंगाने किती सलग आहे, एवढेच जाणून घ्यायचे असते.

युरोप-अमेरिकेतील वर्णने वाचून जो वाचक दख्खनमध्ये दगड शोधू लागतो, त्याच्या मनात बहुधा दोन नावे असतात, एक फ्लिंट आणि दुसरे ऑब्सिडियन. ही दोन्ही नावे येथे बाजूला ठेवलेली बरी. फ्लिंट हा चर्टचाच एक उत्तम प्रकार असून तो युरोपातील खडूच्या खडकात गोळ्यांच्या स्वरूपात सापडतो, आणि इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात ग्राइम्स ग्रेव्ह्ज येथे नवाश्मयुगीन लोकांनी त्यासाठी खोल विहिरींसारख्या खाणी खणल्या होत्या. ऑब्सिडियन ही नैसर्गिक ज्वालामुखी काच. ती तयार होण्यासाठी लाव्ह्यात सिलिकेचे प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांच्या वर असावे लागते. दख्खनचा लाव्हा जवळजवळ सर्वत्र बेसाल्टाचा, म्हणजे सुमारे पन्नास टक्के सिलिकेचा आणि पातळ वाहणारा होता, त्यामुळे येथे ऑब्सिडियन शोधणे व्यर्थ आहे. परंतु त्याच बेसाल्टाने पुढे दुसऱ्या वाटेने अतिशय शुद्ध सिलिका पुरवली, आणि ती वाट समजून घेतली की कोणत्या डोंगरात, डोंगराच्या कोणत्या उंचीवर आणि नदीच्या कोणत्या वळणावर पाहायचे, हे बऱ्याच अंशी आपोआप कळते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या प्रांतांचे काही भाग एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याने झाकले गेले. त्याचे आज उरलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक लाव्हाप्रवाह थंड होताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढले आणि प्रवाहाचा वरचा भाग गोठताना तेथेच अडकले, त्यामुळे प्रवाहाच्या माथ्याकडचा खडक सच्छिद्र झाला, मधला भाग घट्ट राहिला आणि तळाशी काही ठिकाणी उभ्या नळीसारख्या पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ या खडकांतून कोमट व उष्ण पाणी झिरपत राहिले; त्याने बेसाल्टातील सिलिका विरघळवून घेतली आणि पोकळ्यांमध्ये थरावर थर साचवली. कुठे पोकळी पूर्ण भरली आणि भरीव कॅल्सेडनीचा गोळा तयार झाला, कुठे भरणी अर्धवट राहून आत जांभळट किंवा पांढऱ्या स्फटिकांचे अस्तर उरले, तर कुठे सिलिकेऐवजी झिओलाइट नावाची खनिजे किंवा कॅल्साइट साचले. पुण्याजवळच्या वाघोली येथील खाणींमधून निघालेली झिओलाइट वर्गाची खनिजे जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. हत्यारांच्या दृष्टीने मात्र ती निरुपयोगी, कारण ती मऊ असतात आणि ठरावीक पातळ्यांवरच फुटतात.

सह्याद्रीच्या कोणत्याही रांगेकडे लांबून पाहिले तर उभे कडे आणि त्यांच्यामधले उताराचे पदर आळीपाळीने दिसतात. कडा हा बहुधा लाव्हाप्रवाहाचा मधला, घट्ट भाग असतो. पदर किंवा माची बहुधा सच्छिद्र, पोकळ्यांनी भरलेल्या आणि म्हणून लवकर झिजणाऱ्या भागावर तयार झालेली असते. गारगोटीचा शोध घेणाऱ्याने कड्याच्या काळ्याभोर, सलग खडकाकडे पाहत वेळ न घालवता पदरावरचा मुरूम तपासावा. बेसाल्ट हवापाण्याने कुजून त्याचा मुरूम आणि पुढे माती होते. गारगोटीवर मात्र त्या हवापाण्याचा जवळजवळ परिणाम होत नाही, म्हणून आजूबाजूचा खडक विरून जातो आणि गारगोट्या उतारावर सुट्या पडून राहतात. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या बऱ्याच भागांत लाव्हा अनेक पातळ जिभांच्या स्वरूपात पसरलेला आहे आणि प्रत्येक जिभेला स्वतःचा सच्छिद्र माथा आहे, त्यामुळे तेथे अशा पोकळ्यांची संख्या पुष्कळ आढळते. नव्याने खणलेल्या विहिरीच्या तोंडाशी टाकलेला ढीग, रस्त्यासाठी फोडलेला डोंगराचा काप, मुरमाची खाण आणि शेतकऱ्याने नांगरताना वेचून बांधावर रचलेले दगड, ही आजच्या शोधकाची सर्वांत सोपी ठिकाणे आहेत. मालकाला विचारून बांधावरचा ढीग उलथापालथा केला तर अर्ध्या दिवसाच्या डोंगरफेरीत मिळणार नाही इतके नमुने तासाभरात दिसून येतात.

नदी हे दुसरे ठिकाण, आणि प्रागैतिहासिक माणसाने बहुधा तेच अधिक वापरले. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी, गिरणा, तापी या नद्यांच्या पात्रांत आणि त्यांच्या जुन्या काठांवर गोट्यांचे थर आढळतात. काही ठिकाणी हे थर चुन्याने सांधून दगडासारखे कठीण झालेले असतात आणि नदीच्या आजच्या पात्रापेक्षा बरेच वर काठाच्या कापात दिसतात. डोंगरभर विखुरलेल्या गारगोट्या पाणी एका ठिकाणी आणून टाकते, तसेच ज्या गोट्यांत मोठ्या भेगा होत्या त्या वाटेतच फोडून टाकते. हा नदीचा मोठा उपकार आहे. त्याला एक उणी बाजूही आहे. पुरात गोटे एकमेकांवर आपटतात तेव्हा त्यांच्या सालीवर नखाएवढे चंद्राकार व्रण उठतात आणि त्या प्रत्येक व्रणाखाली एक सूक्ष्म शंकूच्या आकाराची भेग आत गेलेली असते. अशा व्रणांनी भरलेला गोटा बाहेरून कितीही देखणा असला तरी त्याचे पहिले दोन-तीन छिलके हमखास वेडेवाकडे तुटतात. म्हणून नदीतून गोटा उचलताना तो फार गोल आणि फार घासलेला नको, मूळ गाठीचा खडबडीतपणा थोडा तरी राहिलेला हवा. उगमापासून फार लांब नसलेल्या उपनद्या आणि ओढे मोठ्या नद्यांपेक्षा अधिक चांगला माल देतात, याचे कारणही हेच आहे.

सापडलेली गारगोटी उपयोगाची आहे की नाही, हे ठरविण्यासाठी यंत्रांची गरज लागत नाही. पहिली परीक्षा कठिनतेची. खनिजांच्या कठिनतेच्या दहा पायऱ्यांच्या श्रेणीत कॅल्सेडनीचा क्रमांक साडेसहा ते सात, काच व साध्या चाकूचे पोलाद सुमारे साडेपाच, झिओलाइटे साडेतीन ते साडेपाच आणि कॅल्साइट तीन. म्हणून जो पांढरा दगड काचेवर स्पष्ट ओरखडा उठवतो आणि ज्याच्यावर खिळ्याने ओरखडा न उठता उलट लोखंडाची काळसर रेघ उमटते, तो सिलिकेच्या कुळातला समजावा. कॅल्साइटाची शंका असेल तर खरवडलेल्या भुकटीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. ती बारीक फसफसते, गारगोटीची भुकटी फसफसत नाही. पोलादावर घासून मारल्यास ठिणग्या पडणे ही तर खेड्यापाड्यांतली चकमकीची जुनीच परीक्षा आहे. मात्र त्या ठिणग्या गारगोटीच्या नसून तिच्या कठीण धारेने पोलादाचे जे सूक्ष्म कण खरवडून काढले त्यांच्या असतात, म्हणजे दगड पोलादापेक्षा कठीण असल्याचीच ती खूण असते.

दुसरी परीक्षा सलगपणाची आणि ती अधिक महत्त्वाची. गोटा पाण्यात भिजवून बाहेर काढावा. पृष्ठभाग सुकू लागला की भेगांच्या रेषा ओल्या व गडद राहून स्पष्ट दिसतात. दोन बोटांत हलकेच धरून लहान दगडाने टिचकी मारल्यासारखे वाजवावे; सलग गोटा खणखणीत वाजतो, भेगाळलेला बद्द आवाज देतो. यानंतर कडेचा एक छोटा छिलका काढून उन्हाकडे धरावा. चांगल्या कॅल्सेडनीची पातळ कड धुरकट प्रकाश आरपार जाऊ देते आणि फुटलेल्या पृष्ठाला मेणासारखी मंद चकाकी असते. पृष्ठ साखरेच्या खड्यासारखे चमचमणारे, दाणेदार दिसले तर स्फटिक मोठे आहेत आणि धार चांगली निघणार नाही, असे समजावे. गोटा वजनाला हाताच्या अंदाजापेक्षा हलका लागला तर त्याच्या पोटात स्फटिकांचे अस्तर असलेली पोकळी असण्याचा संभव मोठा. अकीकाच्या बाबतीत पट्ट्यांकडे लक्ष द्यावे लागते. पट्टे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर हरकत नसते, परंतु पांढऱ्या, खडूसारख्या पट्ट्यावर छिलका बहुधा अडतो. शोभेसाठी ज्या अकीकाला भाव येतो तोच हत्यारासाठी सर्वांत डोकेदुखीचा ठरतो, आणि ज्या राखाडी, एकरंगी, अनाकर्षक गारगोटीकडे कोणी वळून पाहत नाही तीच पाती काढायला उत्तम असते.

दगड निवडल्यावर तो फुटतो कसा, हे जवळून पाहिल्याखेरीज निवडीचे निकष खऱ्या अर्थाने समजत नाहीत. मुठीएवढी, एका टोकाला चपटी असलेली राखाडी कॅल्सेडनीची गाठ डोळ्यांपुढे आणावी. तिच्या एका टोकाचा तुकडा उडवून प्रथम एक सपाट जागा तयार करतात. जेथे घाव बसणार ती ही जागा आघातपृष्ठ म्हणून ओळखली जाते. आघातपृष्ठ आणि गाठीची बाजू यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी असावा लागतो. तो काटकोनापेक्षा मोठा झाला की घाव दगडाच्या पोटात जिरतो आणि छिलका सुटत नाही. काठाची पातळ, कच्ची कड खडबडीत दगडावर घासून मजबूत केल्यावर काठापासून थोडे आत बेसाल्टाच्या गोट्याचा नेमका घाव दिला जातो. तेथून शंकूच्या आकारात पसरणारी भेग बाजूच्या पृष्ठाखालून धावत जाते आणि छिलका सुटतो. त्याच्या आतल्या बाजूस, घावाच्या अगदी खाली, एक लहानसा फुगवटा उरतो. उन्हाने तडकलेल्या किंवा पाण्याने घासलेल्या दगडावर घावबिंदू, हा फुगवटा आणि त्यातून निघणाऱ्या लहरी अशी जुळणी क्वचितच आढळते, म्हणून शेतात सापडलेला तुकडा माणसाने काढलेला आहे की निसर्गाने, हे ठरविताना पुरातत्त्वज्ञ सर्वांत आधी या जुळणीकडे पाहतात. उरलेल्या दगडाला गाभा म्हणतात. पहिला छिलका निघाल्यावर गाभ्यावर दोन उभे कंगोरे उरतात, आणि पुढचा घाव अशा कंगोऱ्याच्या माथ्यावर बसवला की भेग त्या कंगोऱ्याच्या रेषेने सरळ खाली जाते. पाती सरळ आणि लांब निघण्याचे सारे रहस्य या कंगोऱ्यात आहे.

महाराष्ट्र व माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन कारागिरांनी हे रहस्य पूर्णत्वास नेले. गाठीला नैसर्गिक कंगोरा नसेल तर ते दोन्ही बाजूंनी आडवे बारीक छिलके काढून कृत्रिम कंगोरा तयार करीत, मग त्या कंगोऱ्यासकट पहिले नागमोडी पाठीचे पाते काढून टाकीत, आणि त्यानंतर त्याच गाभ्यावरून दोन्ही कडा समांतर असलेली पाती एकामागून एक सोडवीत. नर्मदेकाठच्या महेश्वरच्या उत्खननातील पात्यांच्या आधारे बी. सुब्बाराव यांनी १९५५ मध्ये या तंत्राचे सविस्तर विवेचन केले. घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात, तसेच प्रवरेकाठी नेवासे व जोर्वे येथे अशा पात्यांचे विपुल नमुने मिळाले, आणि त्यांत कॅल्सेडनीचा वाटा फार मोठा आहे. या लोकांना तांबे माहीत होते, त्यांच्याकडे तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्याही होत्या. तरी धान्य कापणे, कातडे सोलणे, भोके पाडणे ही रोजची कामे त्यांनी गारगोटीच्या पात्यांनीच केली. तांबे त्यांना दुरून आणावे लागे आणि ते जपून वापरावे लागे, तर गारगोटी नदीच्या पात्रात पडलेली असे. धातू आला म्हणजे दगड मागे पडला, अशी जी सरधोपट मांडणी शालेय पुस्तकांतून रूढ झाली आहे ती दख्खनच्या बाबतीत तरी टिकत नाही. येथे दगड टिकून राहिला, कारण तो चांगला होता आणि जवळ होता.

दगडाचा आकार हत्याराचा आकार ठरवतो, हे दख्खनमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. पोकळीत साचलेली गाठ पोकळीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि येथील पोकळ्या बहुधा अंड्याएवढ्या किंवा मुठीएवढ्या असतात. तळहाताएवढी हातकुऱ्हाड त्यांतून निघणे अशक्य. म्हणूनच पूर्व पुराश्मयुगात, जेव्हा मोठी व जड हत्यारे लागत होती, तेव्हा माणसाने बेसाल्ट आणि डोलेराइट यांचाच वापर केला. डोलेराइट हा बेसाल्टाच्याच रसाचा, पण भेगांमध्ये शिरून भिंतीसारखा उभा गोठलेला घट्ट खडक असतो. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी येथे गुद्रुन कॉर्विनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात केलेल्या उत्खननात अशा हातकुऱ्हाडी आणि फरश्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्याच नेवासे परिसरात ह. धी. सांकलिया यांनी मध्य पुराश्मयुगातील छिलक्यांची हत्यारे ओळखली, आणि ती मात्र चर्ट, जॅस्पर व अकीक यांची होती; हातात धरण्याचे जड हत्यार मागे पडून लहान छिलक्याची तासणी पुढे आली आणि तिच्याबरोबर दगडही बदलला. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात त्यानंतरची पायरी दिसते. तेथे उत्तर पुराश्मयुग आणि मध्याश्मयुग यांचे थर एकावर एक मिळाले, जॅस्पर व कॅल्सेडनीची पाती मिळाली, आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही मिळाले.

बाणाच्या टोकाचा प्रश्नही या आकारमानाशीच निगडित आहे. अमेरिकेतील आदिवासींच्या बाणांना असते तसे, दोन्ही पृष्ठांवर छिलके काढून घडविलेले त्रिकोणी, खाचा असलेले एकसंध टोक दख्खनमध्ये सर्रास मिळत नाही. येथे मिळतात ती सूक्ष्मास्त्रे, म्हणजे एक ते तीन सेंटिमीटर लांबीची चंद्रकोरी, त्रिकोण आणि टोचण्या. बारीक पाते मोडून त्याची एक बाजू मुद्दाम बोथट केलेली असते, म्हणजे ती बाजू काठीच्या खाचेत डिंकासारख्या चिकट द्रव्याने पक्की बसते आणि दुसरी धारदार बाजू बाहेर राहते. एक चंद्रकोर टोकाला आणि दोन-तीन बाजूंना लावल्या की काटेरी बाण तयार होतो, आणि एखादा काटा मोडला तर तेवढाच बदलता येतो. मध्य भारतातील प्रस्तरचित्रांत अशा काटेरी बाणांची चित्रे दिसतात. लहान गाठींच्या प्रदेशात ही योजना सर्वांत काटकसरीची ठरते, आणि म्हणून येथे बाणाग्र घडवू पाहणाऱ्या आजच्या अभ्यासकाने मोठ्या दगडाच्या शोधात वर्षे न घालवता सूक्ष्मास्त्रेच घडवून पाहावीत, हे उचित.

मिळालेली कॅल्सेडनी फार चिवट असेल तर ती तापवून सुधारता येते. मंद आचेवर, वाळूच्या किंवा राखेच्या आवरणात, साधारण २५० ते ३५० अंश सेल्सियसपर्यंत हळूहळू तापवून तितक्याच हळू थंड केलेल्या दगडात भेग अधिक सहज धावते, फुटलेल्या पृष्ठावर तेलकट चकाकी येते, आणि अंगी लोहाचा पिवळसर अंश असेल तर तो लाल होतो. घाई केली तर आतले पाणी वाफ होऊन दगड तडतड फुटतो. आणि तापवलेल्या दगडाची धार निघते सुंदर, पण ती लवकर मोडते. ही विद्या भारतात आजही जिवंत आहे. गुजरातमधील भडोच जिल्ह्यात रतनपूरच्या परिसरात गाळात वाहून आलेल्या, मूळ दख्खनच्याच बेसाल्टातून सुटलेल्या गारगोट्या खड्डे खणून काढतात, उन्हात वाळवतात, मडक्यांत ठेवून भाजतात आणि खंबातला नेतात. तेथील कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर गारगोटी टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हलकी हातोडी मारतो, त्यामुळे छिलका वरून न सुटता खालच्या, लोखंडी टोकाच्या बाजूने सुटतो. मणी घडविण्याच्या या पद्धतीचा पुरातत्त्वज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे, कारण हडप्पा संस्कृतीतील मण्यांचे तंत्र समजून घेण्यासाठी तिच्याइतके जवळचे साधन दुसरे नाही.

बेसाल्टाबाहेरच्या प्रदेशात चित्र वेगळे आहे. दक्षिण कोकण आणि गोव्यात जांभ्याखाली जुने खडक असून तेथे क्वार्टझाइट, म्हणजे वाळूचे कण पुन्हा घट्ट सांधून झालेला दगड, आणि शिरांमधला पांढरा क्वार्ट्झ यांवरच भागवावे लागते. क्वार्टझाइटाची मोठी हत्यारे चांगली होतात, शिरेतला क्वार्ट्झ मात्र कसाही फुटतो. पूर्व विदर्भातही हेच, फक्त नागपूरच्या आसपास लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या थरांचा चर्ट मिळतो आणि तो तपासून पाहण्याजोगा असतो. ज्यांच्या प्रदेशात दगडच नाही त्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. गंगेच्या गाळाच्या मैदानात, उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय येथे मध्याश्मयुगीन माणसांचे दफन आढळले आणि एका सांगाड्याच्या हाडात सूक्ष्मास्त्र रुतलेले मिळाले. त्या मैदानात खडा सापडणेही दुर्मीळ, म्हणजे तो इवलासा दगडही विंध्याच्या बाजूने उचलून आणलेला होता. सिंधमधील रोहरीच्या टेकड्यांत चुनखडकातील चर्टच्या मोठ्या गाठी मिळत, म्हणून हडप्पाकालीन लोकांनी तेथे खाणी चालवल्या आणि तेथील लांब पाती गुजरातमधील वसाहतींपर्यंत पोचली. दख्खनच्या शेतकऱ्याला असा व्यापार करण्याची गरज पडली नाही.

आज हौसेने किंवा अभ्यासासाठी दगड घडविणाऱ्याने धुळीची भीती मनात बाळगली पाहिजे. सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो, आणि खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये त्याने घेतलेले बळी वैद्यकीय नोंदींत आहेत. काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, डोळ्यांना चष्मा, तोंडाला धूळरोधक मुखपट्टी आणि मांडीवर जाड कातडे घेऊन करावे, आणि गाभा घासण्याचे काम ओल्यानेच करावे. काम झाल्यावर सारा चुरा गोळा करून एका खड्ड्यात पुरावा आणि त्यात चालू सालचे एखादे नाणे टाकावे, म्हणजे पुढे कधी तो चुरा कोणाला सापडला तर तो प्राचीन कारखान्याचा अवशेष समजला जाणार नाही.

याहून मोठी जबाबदारी कच्चा दगड आणि घडविलेला दगड यांत भेद करण्याची आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीच्या कायद्याने परवानगीशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही आणि १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने प्राचीन वस्तू खासगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत; परंतु नांगरटीत वर आलेले एखादे पाते खिशात घालणाऱ्याला कायदा अडवायला येत नसतो, तेथे त्याची स्वतःची जाणच कामास येते. नदीकाठच्या एखाद्या उंचवट्यावर एकाच ठिकाणी अनेक लहान छिलके, गाभे आणि समांतर कडांची पाती विखुरलेली दिसली, त्यांच्या जोडीला लाल मातीच्या भांड्यांचे काळ्या रेषांचे तुकडे दिसले, तर ती जागा दगड वेचण्याची नव्हे. वस्तू जागच्या जागी राहिल्या तरच त्यांतून काही समजते. अशा वेळी एकही तुकडा न उचलता, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, गाव, गट क्रमांक आणि नदीपासूनचे अंतर लिहून ठेवावे, आणि ही माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावी.